वाळीतली हाक

शिमग्यात पालखीच्या मानावरून उलट बोलला म्हणून गावकराने भागोजीला वाळीत टाकलं. म्हाताऱ्या जनीने त्याला तांब्याभर पाणी दिलं, तर गावकराने भर वाडीत तिचा हात पिरगळून मोडला. हाड मोडल्याचा आवाज बायाबापड्यांनी सगळ्यांनी ऐकला.

पुढे एका दुपारी काजूच्या बागेत, बांधाच्या भांडणात, गावकराच्या चुलतभावाने त्याच्या गळ्यावर कोयता घातला आणि पळाला. भागोजीने त्या रक्तबंबाळ माणसाला पाठीवर घेतलं, धावत त्याच्या घरी आणलं आणि बंद दार बडवलं. गावकर शुद्धीत होता, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. धापा टाकत भागोजीलाही एवढंच ओरडता आलं, "सावित्रीवैनी, कडी काढा!"

आत गावकराची बायको सावित्री सुनेला दबक्या आवाजात म्हणाली,

"उघडू नको गो. भागोजी आलाय. हे घरी आले तर तुझापण हात मोडतील."