डेल्मरची काडतुसं

माझ्या नवऱ्याला, डेल्मरला, दारूचा नाद आहे, बंदुकीच्या दारूचा. महायुद्धातल्या जुन्या रायफलीची काडतुसं तो घरीच भरतो. हल्ली त्याच्या लक्षात राहत नाही आणि एकाच काडतुसात दोनदा दारू पडते. तसलं एक जरी झाडलं, तरी रायफल त्याच्या तोंडावर फुटेल. म्हणून तो अंघोळीला गेला की मी सगळी काडतुसं रिकामी करते.

"शनिवारी नेमबाजीला जाऊ, आर्लीन," तो म्हणायचा.

"बर्फ वितळू दे आधी."

"मोंटाना असलं म्हणून काय झालं, जूनमध्ये कसला बर्फ, बये?"

आज त्याने काडतुसांच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली हळूच माझ्या हातात दिली.



"बाई, ही तुमच्याकडेच राहू द्या. माझ्या बायकोला सापडली, तर ती सगळी रिकामी करेल."