हौस की व्यवसाय

दुसऱ्या मजल्यावर बाबा दम खायला थांबले, तेव्हा मुलीने त्यांना पुन्हा एकदा पढवलं. "त्या बाई विचारतील, फोटो हौसेनं काढला होता का. तुम्ही फक्त हो म्हणायचं. कागदावर 'हौस' लिहिलंय त्यासमोर खूण, आणि खाली सही. बाकी एक अक्षर बोलायचं नाही."

"एवढंच ना," बाबा धापा टाकत म्हणाले. "तीन वर्षं दुसरं काय म्हणतोय मी."

ते मात्र खरं. शिलाईच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी तेच ऐकवलं होतं. पोरगी काय करते? काही नाही हो, हौस आहे, ती फोटो काढणारी भिंगरी उडवते आकाशात. या एका वाक्यावरून घरात भांडणं झाली होती, दोन-दोन दिवस अबोला झाला होता. आणि आज तिला तेच वाक्य हवं होतं, तेही लेखी. अडला हरी म्हणतात तो असा.

पुस्तकं छापणाऱ्या कंपनीचं ऑफिस वर, लिफ्ट बंद. मागच्या दोन्ही खेपांनाही बंदच होती. टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फाइल ओढली. त्याही सकाळपासून दमलेल्या दिसत होत्या.

"असं आहे, काका. मिठागराचा हा फोटो आम्हाला मुखपृष्ठावर घ्यायचाय. पण फोटो दोन वर्षांपूर्वीचा, आणि हिचं ड्रोनचं व्यवसायाचं लायसन्स आलं चार महिन्यांपूर्वी. तेव्हा ड्रोन हौस म्हणून उडवला असेल तर आज फोटो विकायला हरकत नाही. धंद्यासाठी उडवला असेल तर तो गुन्हा. म्हणून घरातल्या माणसाकडून लिहून घेतो आम्ही."

"आता लायसन्स आहे ना? मग आता नवा काढू दे की."

"मिठागर बुजवलं, बाबा. भिंत घातलीय तिथे." हे तिने घरीही दोनदा सांगितलं होतं.

चार महिने ते लायसन्स कपाटात पडून होतं. काम मागायला गेलं की लोक विचारायचे, आधी काय केलंय? मुखपृष्ठावर फोटो आला की दाखवायला काहीतरी झालं असतं. दुसरं तिच्याकडे काही नव्हतं.

बाईंनी कागद पुढे सरकवला आणि कशाबद्दल लिहून देताय ते कळावं म्हणून शेजारी फोटो ठेवला, चांगला हातभर मोठा छापलेला. बाबांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मोबाइलवर दाखवायला गेलं की म्हणायचे, एवढ्याशा चौकोनात मला काय दिसतंय, सुईत दोरा जाईना. आता त्यांनी खिशातून चष्मा काढला. लाल, हिरवे, पांढरे चौकोन, त्यांच्यामधून गेलेले बांध, आणि बांधावर मीठ ओढणारी मुंगीएवढी माणसं. ते बराच वेळ बघत राहिले. मग एका बांधावरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं.

"हाच का तो? अकरा दिवस पहाटे उठून जात होतीस तो?"

"बाबा, सही करा."

"पाय फाटले होते हिचे मिठानं," ते बाईंना म्हणाले. "चप्पल घालवत नव्हती. दहाव्या दिवशी वारा सुटला आणि यंत्र आपटलं. घरी येऊन रडली. रात्रभर बसून दुरुस्त केलं आणि अकराव्या दिवशी परत गेली. मला वाटलं, पोरीला वेड लागलं."

मुलीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

"हौसेला मोल नसतं, काका," बाई समजुतीने म्हणाल्या. "करा खूण."

"हौस असती तर पहिल्याच दिवशी फिटली असती," बाबा म्हणाले. त्यांनी पेन घेतलं, 'व्यवसाय' या शब्दासमोर खूण केली आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

मुलगी खुर्चीत मागे रेलली. चिडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. "तीन वर्षं हौस, हौस करत होतात. आज एकदा म्हणायला काय झालं होतं?"

"ते नुसतं बोलणं होतं," बाबा म्हणाले. "चुकीचंच बोलत होतो. त्यावर सही कशी करू?"

बाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी काही पाहिलं नाही. हा कागद साहेबांकडे गेला तर मुखपृष्ठ तर जाईलच, वर हिलाच नोटीस लागेल. मी दुसरा छापते. उद्या आईला घेऊन या, त्यांची सही चालेल. हा फाडून टाकू." त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका," मुलगी म्हणाली. "मला द्या तो."

"अहो, हा ठेवून काय करणार? उद्या तुमच्याच गळ्याशी येईल."

"येऊ दे. आणि दुसरा छापू नका."

बाईंनी कागद दिला. "मग मुखपृष्ठाचं काय?"

मुलीची नजर 'व्यवसाय'समोरच्या खुणेवर आणि खालच्या सहीवर होती. दोन ओळींचा तो कागद, पण ती अजून वाचतच होती.