पोरींच्या मापाचे ग्लोव्हज

क्रांतीनं सुजलेलं बोट शमशेरभाईंच्या तोंडासमोर धरलं. ती पलूसच्या मुलींच्या संघाची यष्टिरक्षक होती. हातात ढिले होणारे ग्लोव्हज कालच्या सामन्यात ऐनवेळी फिरले आणि चेंडू सरळ बोटावर बसला. आज सकाळी ती पहिल्या एसटीनं मिरजेत त्यांच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात आली होती.

"चाचा, पोरींच्या मापाचे ग्लोव्हज मागवा म्हणून कितींदा सांगायचं तुमाला? रविवारी परत मॅच हाय."

"अगं, कंपनीला फोन केलता की. ते म्हणत्यात, पोरींच्या क्रिकेटचा माल देशभर लय जोरात चाललाय, पण आपल्या भागात पोरींची मागणीच न्हाई. मागणी न्हाई तिथं ते माल पाठवत न्हाईत."

"मागणी न्हाई? मग आमी अकराजणी मैदानात काय गवऱ्या थापतो काय?"

"माझ्यावर कशाला चिडतीस? त्यांचं सगळं विक्रीवर चालतं. पोरींचा माल माझ्या दुकानातनं कवा खपलाच न्हाई."

"तुमी कवा ठेवलाच न्हाई, तर खपंल कुठनं?"

शमशेरभाई उगाच एक बॅट पुसायला लागले. क्रांतीनं ती त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"आणि ह्यो मोठा जोड गेल्या वर्षी तुमच्याकडनंच घेतला न्हवं मी? ती विक्री न्हाई दिसली त्यास्नी?"

"दिसली की," शमशेरभाई खाली बघत म्हणाले. "पण मोठं माप म्हणून त्यांनी ती पुरुषांच्या मागणीत धरली."