स्टार न समजणारा प्रोग्रॅम

एन्टर दाबलं आणि मगच तिला ती मोकळी जागा दिसली. फायली पुसायच्या आज्ञेत 'चाचणी' या शब्दाला चिकटून स्टार (*) टाकायचा होता, म्हणजे चाचणीच्या तेवढ्या फायली पुसल्या गेल्या असत्या. मध्ये चुकून स्पेस पडली होती. नुसत्या स्टारचा अर्थ एकच, फोल्डरमधलं सगळं.

त्या फोल्डरमध्ये माणसांचे आवाज होते. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांना बोलता येणार नव्हतं, त्यांनी आधी दवाखान्यात येऊन वाचलेली वाक्यं. त्यांवरून ती प्रत्येकासाठी त्याच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार करायची. या महिन्याच्या फायलींची दुसरी प्रत अजून व्हायची होती.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. 'चाचणी' नावाची फाइल सापडली नाही. '*' नावाची फाइल सापडली नाही.

तिने घाईघाईने फोल्डर उघडला. सगळं जागच्या जागी होतं.

तिच्या घरच्या संगणकावर सगळं धुऊन निघालं असतं. तिथे संगणकच स्टारच्या जागी झाडून सगळ्या फायलींची नावं घालतो आणि मग ती प्रोग्रॅमच्या हाती देतो. दवाखान्यातला संगणक मात्र स्टार जसाच्या तसा पुढे ढकलतो. त्याचा अर्थ लावायचा की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचं. पुसायचा हा प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला, त्यांनी तो अर्थ लावलाच नव्हता. एकेक नाव टाइप करायला लावतात म्हणून दवाखान्यात त्यांना सगळे 'आळशीबुवा' म्हणत. ते नोकरी सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती नवीन होती, त्या नावाचं कारण तिला आज कळलं.

पत्ता विचारून संध्याकाळी ती थेट त्यांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ते खिडकीशी बसले होते. गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी. तिचं तिकडे नीट लक्षही गेलं नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं.

"सर, तुमच्यामुळे वाचले ते आवाज. आणि लोक त्याला आळस म्हणतात!"

ते हसले, पण हसण्याचा आवाज आला नाही. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'थोडा आळस होताच. पण तिथली एकेक फाइल म्हणजे एकेक माणूस. म्हटलं, पुसायचं तर एकेकाकडे बघून पुसावं.'

त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. "अगं, यांचाही आवाज तुमच्याकडेच आहे. याच महिन्यात वाचून आले ना ऑपरेशनच्या आधी."

ती त्यांच्यासमोर खाली बसली. म्हणाली, "मी तर तुमचे आभार मानायला आले होते."

त्यांनी पाटी पुसली, सावकाश दुसरी ओळ लिहिली आणि तिच्यापुढे धरली.

'आभार मलाही मानायचेत. पण लिहून नाही. थोडं थांबा, बोलून मानेन.'