नवेकोरे ठोकळे

शहरातून आलेले लाकडी ठोकळे बालवाडीच्या बाईंनी जिवापाड जपले होते. एक हरवला तर दुसरा कुठून आणायचा? म्हणून खोका कपाटावर असायचा, पाहुण्यांपुरता खाली यायचा. मुलांनी हात मागे बांधून नुसतं बघायचं. आज पाहुण्या ताईंनी लाल ठोकळा निरखला. “दोन वर्षांत ओरखडासुद्धा नाही!” बाई खुलल्या. “डोळ्यांत तेल घालून सांभाळते, ताई.” “मग मुलं खेळतात कधी?” ज्यांच्यासाठी ठोकळे आले, ती मुलं मोठ्या शाळेत पोचलीही होती. ताईंची गाडी वळताच बाईंनी खोका सतरंजीवर पालथा केला. “घ्या रे, खेळा! बांधा, पाडा!” एकही हात पुढे येईना. बाईंनी धाकट्या चिमणीच्या मुठीत लाल ठोकळा दिला. तिने फ्रॉकने पुसून खोक्यात ठेवला. बाईंचे डोळे भरले. चिमणी घाबरली. “रडू नका, बाई! मोडला नाही!”