बाजूची मूठ

इंदिरानगरातल्या दुकानात फळी बसवायला रघुजी शिंप्यानं इमारतींच्या कामाचं भलंमोठं ड्रिल भाड्यानं आणलं. मलमलीत सुई शिरावी तसं ते विटांत शिरलं आणि तो पोरासारखा हसला. "अहो, बाजूची मूठ लावा. तुमच्या उजव्या हातावर घर चालतं आपलं," बायको म्हणाली. "स्वल्प थांब गं, कोपऱ्यात अडते ती. तीस वर्षं कात्री चालवतंय हे मनगट." बटण दाबलेलं राहील असं अडकवून त्यानं पुढचं भोक काँक्रीटच्या खांबात पाडायला घेतलं. टोक आतल्या सळईला अडकलं. खांब फिरणार नव्हता, म्हणून ड्रिल फिरलं आणि त्याचा हात खांद्यापर्यंत पिरगळला. तो कोसळला, तिनं प्लग उपटला. कुणीतरी समोरच्या एसटीडी बूथकडे धावलं. तिनं त्याच हाताची बोटं घट्ट आवळून धरली. छताकडे बघत तो म्हणाला, "भीती वाटते, हात धर ना."