अर्थमंत्र्याचा शिक्का

"नाव तेच कोर, उस्ता. खाली फक्त 'अर्थमंत्री' घाल," रिफअत बे दुकानाचं दार लोटून घेत हळूच म्हणाले.

गाराबेद उस्तानं डोळ्यावरचं भिंग काढलं. इस्तंबूलच्या निम्म्या साहेबांचे शिक्के त्याच्या हातचे.

"फर्मान निघालं का, बे?"

"गुरुवारी निघेल. राजवाड्यातल्या माणसानं स्वतः माझ्या कानात सांगितलंय, शिक्का तयार ठेवा म्हणून. पण कुठं बोलायचं नाही हं!"

"माझ्या तोंडाला कुलूप. सोन्याचा करू?"

"मग काय पितळेचा?"

रिफअत बेंनी खिशातून बायकोच्या बांगड्या काढून समोर ठेवल्या. त्या उतरवताना मेदिहा हानिम म्हणाली होती, "तीन मंत्री आले नि गेले, तुम्ही आपले आहात तिथंच. या खेपेला नाही झालं, तर रिकाम्या हातांनी मी आईकडे कशी जाऊ?" रिफअत बेंना वाईट वाटलं होतं. पण आता काळजी कसली? वीस वर्षं त्यांनी साम्राज्याचा खजिना सांभाळला होता. त्यांच्या तोडीचा दुसरा होता कोण?

आतल्या पडद्यामागून लवंगेचा वास आला. राजवाड्यातला तो माणूसही सारखी लवंग चघळायचा. हा शुभशकुनच, असं रिफअत बेंना वाटलं.

"पाहुणे आहेत वाटतं?"

"मेहुणा आलाय जेवायला," उस्ता बांगड्या तोलत म्हणाला.

गुरुवारी अर्थमंत्रालयाच्या दालनात रिफअत बेंसह पाचही खातेप्रमुख ओळीनं उभे राहिले. रिफअत बे खिशातल्या शिक्क्यावरून बोट फिरवत होते. फर्मान वाचलं गेलं. नवे अर्थमंत्री, इझमीरचे सुभेदार तेवफिक पाशा!

रिफअत बेंचं बोट शिक्क्यावरच थांबलं. आता मेदिहाला कुठल्या तोंडानं सांगायचं? उतरलेला चेहरा लपवायला त्यांनी मान वळवली. शेजारचे करवसुलीचे हाक्की बे पांढरेफटक पडले होते. त्यांचा उजवा हात खिशात होता. पलीकडच्या पेन्शन खात्याच्या प्रमुखांचाही.

पाशा सगळ्यांकडे बघून मनमोकळं हसले. "मला तर काल रात्री कळलं, मंडळी. शिक्कासुद्धा करायचा राहिलाय. इथं चांगला कोरणारा कोण आहे?"

"गाराबेद उस्ता!" पाचही जण एकदम म्हणाले.